नागपुरात हिवाळ्याआधी जलतरण तलावाचे पाणी किती उतरवावे?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरजवळच्या फार्महाऊसवर १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा आरसीसीचा, टाइल्स लावलेला तलाव आहे. खोली एका टोकाला १.२ मीटर, दुसऱ्या टोकाला १.८ मीटर. स्किमर (काठाजवळचे, वरचे पाणी आणि पाने ओढून घेणारे तोंड), सँड फिल्टर आणि दीड एचपीचा पंप. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत कोणी पोहणार नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात की पाणी दीड फूट उतरवून स्किमरच्या खाली न्या, पाइप हवेने कोरडे करा, त्यात अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारे द्रव) ओता. हे इथे करायचे का, आणि करायचे तर किती?

नागपुरात पाणी १० ते १५ सेंटीमीटर उतरवले की पुरते. तेही टाइल्सची पट्टी घासायची असेल, वरचा जॉइंट भरायचा असेल किंवा तळाचा गाळ बाहेर टाकायचा असेल तर. असे काही काम नसेल तर पातळीला हात लावू नका. दीड फूट उतरवण्याचा सल्ला ज्या कारणासाठी आहे ते कारण नागपुरात नाही, आणि त्या सल्ल्याने होणारे नुकसान मात्र इथल्या जमिनीत नक्की होऊ शकते.

ते कारण म्हणजे बर्फ. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते. स्किमरच्या प्लास्टिकच्या डब्यात किंवा पाइपच्या एल्बोमध्ये पाणी अडकलेले असेल तर ते फुगून डबा तडकतो, पाइप फाटतो. म्हणून थंड देशांत पाण्याची पातळी स्किमरच्या आणि कधी कधी इनलेटच्याही (गाळलेले पाणी तलावात परत येते त्या तोंडाच्याही) खाली नेतात. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बहुतेक दिवस १० ते १४ अंशांत असतो. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांपर्यंत गेला होता, तरी ७५ हजार लिटर पाण्याच्या साठ्यावर अशा एका पहाटेचा परिणाम एखाद-दोन अंशांपलीकडे होत नाही. हवा थंड झाली तरी एवढे पाणी गोठण्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे अँटिफ्रीझ, ब्लोअर, पाइपला लावायचे रबरी बूच हा सगळा खर्च इथे वाया जातो.

पाण्याचा हिशेब आधी मांडा

तुमच्या तलावाचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आहे. म्हणजे पातळी १ सेंटीमीटर उतरली की ५०० लिटर गेले. १० सेंटीमीटरला ५ हजार लिटर, १५ ला साडेसात हजार, आणि व्हिडिओतल्या दीड फुटाला साडेबावीस हजार लिटर, म्हणजे एकूण पाण्याच्या ३० टक्के. ते पाणी फेब्रुवारीअखेर बोअरमधून किंवा टँकरने पुन्हा भरायचे आहे, आणि तेव्हा बोअर ऑक्टोबरइतका जोरात चालत नसतो.

दुसरा आकडा बाष्पीभवनाचा. हिवाळ्यात उघड्या तलावातून दिवसाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर पाणी उडते. महिन्याला १० सेंटीमीटर धरा. म्हणजे केवळ टाइल्स घासण्यापुरती पट्टी उघडी हवी असेल आणि घाई नसेल, तर नवे पाणी सोडणे थांबवा. चार आठवड्यांत पातळी आपोआप तिथे येते. यात एक तोटा आहे. पाणी उडते, क्षार मागे राहतात, त्यामुळे कडकपणा थोडा वाढतो. पंप लावून उतरवलेल्या पाण्याबरोबर क्षारही जातात. बोअरचे जड पाणी भरलेल्या तलावात म्हणूनच पंपाने उतरवणे बरे.

कोणत्याही मार्गाने उतरवणार असाल तरी सर्वांत आधी ऑटो-फिलचा बॉल कॉक बंद करा. ही साधी गोष्ट राहून जाते आणि मग एका बाजूने पंप पाणी फेकतो, दुसऱ्या बाजूने बोअर भरत राहतो. दोन तासांनी पातळी जागच्या जागी दिसते आणि माणूस फिल्टरमध्ये बिघाड शोधत बसतो.

खालून येणारा दाब

या उत्तरातला हा भाग घाईने वाचू नका. भरलेला तलाव जमिनीत स्थिर राहतो तो आतल्या पाण्याच्या वजनामुळे. बाहेरच्या मातीतही पाणी असते आणि ते तळाच्या स्लॅबला खालून वर ढकलत असते. पाण्याची उंची १ मीटर असेल तर दर चौरस मीटरला १ टन दाब. तुमचा तळ ५० चौरस मीटरचा, म्हणजे स्लॅबच्या खालच्या बाजूपासून १ मीटर उंचीपर्यंत भूजल उभे असेल तर वर ढकलणारे बळ ५० टन.

आता तलावाचे स्वतःचे वजन काढा. २० सेंटीमीटर जाडीचा स्लॅब आणि तेवढ्याच जाडीच्या भिंती धरल्या तर काँक्रीट साधारण १९ घनमीटर होते. घनमीटरला अडीच टन या हिशेबाने ४७ ते ४८ टन. प्लास्टर आणि टाइल्स धरून पन्नासच्या आसपास. म्हणजे तलाव रिकामा असेल आणि बाहेर मीटरभर पाणी उभे असेल, तर बांधकाम तरंगायच्या बेतात येते. सगळा सांगाडा वर उचलला जाण्याआधीच स्लॅबचा मधला भाग फुगतो, कारण २० सेंटीमीटरच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला ५०० किलो असते आणि आतल्यापेक्षा बाहेरचे पाणी अर्धा मीटर जास्त झाले की तेवढाच दाब तयार होतो. मग तळाच्या टाइल्स रांगेने उचलल्या जातात, भिंत आणि तळ यांच्या सांध्यात चीर पडते, इनलेटचे पाइप भिंतीतून तुटतात. ही दुरुस्ती लाखांत जाते आणि पहिल्यासारखी कधीच होत नाही.

नागपुरात हा धोका नेमका हिवाळ्याच्या तोंडावर सर्वाधिक असतो. मान्सून ऑक्टोबरात परततो, आणि तेव्हा जमीन पाण्याने भरलेली असते. पश्चिमेला, हिंगणा, अमरावती रोड, काटोल रोडकडे, बहुधा थोड्याच खोलीवर मुरूम आणि त्याखाली काळा बेसॉल्ट लागतो. तिथे तलावासाठी खड्डा अक्षरशः दगडात खोदलेला असतो. पावसाचे पाणी भिंत आणि खड्डा यांच्यामधल्या भरावात शिरते आणि दगडातून त्याला बाहेर जायला वाट नसते. घमेल्यात वाटी ठेवावी तसा तुमचा तलाव त्या साचलेल्या पाण्यात उभा राहतो. शेजारच्या विहिरीची पातळी पाच-सहा मीटर खाली असली तरी या खड्ड्यातले पाणी स्लॅबच्या वर असू शकते. पूर्वेकडे काळी माती खोल असते. ती पाणी सावकाश घेते आणि त्याहून सावकाश सोडते. पाऊस संपून महिना झाला तरी आठ-दहा फुटांवर ती ओलीच असते.

तेव्हा नियम एकच: आतले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली जाऊ द्यायचे नाही. १०-१५ सेंटीमीटर उतरवण्याने हा नियम जवळजवळ कधीच मोडत नाही. त्याहून जास्त उतरवायचे असेल तर बाहेरची पातळी मोजल्याशिवाय पंपाला हात लावू नका.

मोजायचे कसे? चांगल्या बांधकामात तलावाच्या खोल टोकाशेजारी ४ इंची पीव्हीसी पाइप उभा सोडलेला असतो. त्याला खालच्या भागात भोके असतात आणि तो तळाच्या खालपर्यंत गेलेला असतो. झाकण काढा, वजन बांधलेली टेप सोडा आणि कोरड्या भागाची लांबी घ्या. असा पाइप नसेल तर तलावापासून मीटर-दीड मीटरवर, भरावाच्या जागेत, हाताच्या ऑगरने (माती पोखरायच्या गिरमिटाने) अडीच मीटर खोल भोक पाडा. त्यात भोके पाडलेला पाइप उभा करा आणि २४ तास थांबा. काळ्या मातीत ४८ तास थांबा, कारण पाणी झिरपायला वेळ लागतो. लगेच कोरडे दिसले म्हणून खूश होऊ नका. पाइपांच्या जाळ्यापासून दूर राहा, नाहीतर ऑगर थेट रिटर्न लाइनमध्ये जाईल.

मेन ड्रेनच्या (तळाशी जाळी असलेल्या मुख्य निचऱ्याच्या) खळग्यात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर बाहेरचा दाब वाढल्यावर तो उघडून भूजल आत येऊ देतो. योजना उत्तम, पण त्यावर विसंबू नका. या व्हॉल्व्हच्या गोट्या प्लास्टरचा चुरा, फिल्टरमधून सुटलेली वाळू आणि चुन्याच्या थराने चिकटून बसतात, आणि व्हॉल्व्ह अडकला आहे हे वरून कळत नाही.

तलाव फायबरग्लासचा असेल तर हे सगळे दुप्पट कडक समजा. त्याचे वजन काँक्रीटच्या तुलनेत काहीच नाही. तो उचलला जायला थोडे पाणी पुरते, आणि पातळी फार उतरली तर बाजूच्या मातीने त्याच्या भिंती आत फुगतात. व्हिनाइल लायनरचा तलाव पूर्ण रिकामा करायचाच नाही. लायनर आकसतो, पुन्हा भरताना कोपऱ्यात ताणला जाऊन फाटतो.

कधीतरी तलाव पूर्ण रिकामा करावाच लागतो. त्यासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा नागपुरातला योग्य काळ आहे. भूजल तोपर्यंत बरेच खाली गेलेले असते आणि ऊन अजून चढलेले नसते. मे महिन्यात भूजल सर्वांत खोल असते हे खरे, पण ४५ अंशांच्या उन्हात रिकाम्या तळावरच्या टाइल्स तापून सुटतात, त्यांच्याखालचे प्लास्टर पोकळ वाजू लागते. भिंतीबाहेरची काळी माती त्याच वेळी सुकून भेगाळते आणि जूनच्या पहिल्या पावसात एकदम फुगते. रिकाम्या भिंतीला तो धक्का सोसवत नाही.

उतरवण्याची रीत

दिवाळीनंतर आठ-दहा दिवस जाऊ द्या. नोव्हेंबरचा तिसरा-चौथा आठवडा उत्तम. फटाक्यांची काजळी, पावसाळ्यात साठलेली माती, झाडांची पाने हे सगळे तोवर तळाला गेलेले असते. आणि इथेच या कामातली खरी युक्ती आहे. काढायचेच आहे तर वरचे स्वच्छ पाणी काढू नका, तळाचे काढा.

चार-पाच दिवस आधी क्लोरीन टाकणे थांबवा. क्लोरीन उतरले की नाही ते टेस्ट किटने पाहा. मग तलाव नेहमीच्या पातळीपेक्षा ४-५ सेंटीमीटर जास्त भरा. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा. पाणी गढूळ असेल तर पांढरी तुरटी घनमीटरला १० ते १५ ग्रॅम, म्हणजे ७५ घनमीटरला ७५० ते ११२५ ग्रॅम, बादलीत पूर्ण विरघळवून कडेकडेने फिरवून टाका. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या अनेक वाटांच्या व्हॉल्व्हचा) दांडा रीसर्क्युलेटवर, म्हणजे वाळू वगळून पाणी फिरवायच्या खुणेवर, ठेवून तासभर पंप चालवा, म्हणजे वाळूत तुरटीचा लगदा जाणार नाही. मग पंप बंद करून रात्रभर पाण्याला हलवू नका. सकाळी तळावर राखाडी थर दिसेल.

आता दांडा वेस्टवर, म्हणजे पाणी थेट बाहेर टाकायच्या खुणेवर, न्या. मल्टिपोर्टचा दांडा फिरवताना पंप बंदच पाहिजे, दर वेळी. चालू पंपावर दांडा फिरवला की आतला चांदणीच्या आकाराचा गॅस्केट जागेवरून सरकतो किंवा फाटतो. मग फिल्टरवर ठेवले तरी पाणी वेस्टच्या पाइपातून झिरपत राहते आणि महिनाभर पातळी का घसरते ते कळत नाही. वेस्ट लाइनवर वेगळा व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा. व्हॅक्यूमचे डोके तळावर अगदी सावकाश ओढा. घाई केली की थर उडतो आणि पुन्हा एक रात्र थांबावे लागते. दीड एचपीचा पंप साधारणपणे तासाला १५ ते १८ हजार लिटर फेकतो. म्हणजे १० सेंटीमीटर उतरायला अवघी १७ ते २० मिनिटे मिळतात. म्हणून खोल टोक, जिथे थर जाड असतो, तिथून सुरुवात करा.

व्हॅक्यूमची नळी स्किमरमध्ये लावली असेल तर पाणी स्किमरच्या खालच्या ओठापर्यंत येण्याआधी थांबा. पंपाने हवा ओढली की प्राइम (पंपात भरून राहिलेले पाणी) जातो, मेकॅनिकल सील कोरडा घासून तापतो आणि काही मिनिटांत जळतो. पुढे आणखी उतरवायचे असेल तर स्किमरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद, मेन ड्रेनचा पूर्ण उघडा. या अवस्थेत पाण्यात कोणीही उतरायचे नाही, कारण सगळी ओढ एकट्या ड्रेनवर येते. जाळी सैल किंवा तुटलेली असेल तर केस, हात किंवा कपडा अडकून माणूस तळाला धरला जाऊ शकतो. जाळीचे स्क्रू आधीच तपासा.

अजून दोन-तीन सेंटीमीटर उतरवायचे राहिले असतील तर ते बॅकवॉशने, म्हणजे फिल्टरच्या वाळूतून पाणी उलटे सोडून, उतरवा. दोन ते तीन मिनिटे बॅकवॉश, अर्धा मिनिट रिन्स, अशा एका फेरीत सातशे-आठशे लिटर जातात. अशा दोन फेऱ्यांत तीनेक सेंटीमीटर पाणी उतरते आणि वाळूही हिवाळ्यासाठी धुऊन निघते. कार्ट्रिज फिल्टर असेल तर वेस्टची सोयच नसते. तिथे अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल मड पंप लावा. त्याची केबल आणि प्लग कोरड्या जागी, जोडणी आरसीसीबीवरूनच (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरूनच).

थांबायची खूण आधीच टाइल्सवर मेणखडूने करून ठेवा. आणि पाण्यातल्या दिव्यांचे एमसीबी उतरवून टाका. दिव्याला आजूबाजूचे पाणी थंड ठेवते. अर्धा उघडा पडलेला दिवा लावला तर काच तडकते.

हे पाणी कुठे सोडायचे

तलावाशेजारच्या हिरवळीत तर नाहीच. ते पाणी मुरून त्याच भरावात जाते आणि ज्या दाबाला आपण भ्यायचे तो आपणच वाढवतो. उताराच्या बाजूला, किमान १० मीटर लांब, नळी टाका.

झाडांना द्यायचे असेल तर क्लोरीन शून्याला टेकलेले हवे. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दर हजार लिटरला दर १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीनमागे ७ ग्रॅम. पाच हजार लिटरमध्ये २ पीपीएम असेल तर ७० ग्रॅम झाले. हिरवळ, नारळ, बांबू, बोगनवेल यांना हे पाणी चालते. संत्र्याच्या झाडांना देऊ नका. लिंबूवर्गीय झाडे क्षार आणि क्लोराइडला फार हळवी असतात. पानांचे शेंडे करपतात, पुढच्या बहारावर परिणाम होतो. काळ्या मातीत दरवर्षी एकाच जागी हे पाणी सोडले तर सोडियम साठून जमीन चोपण होते. सॉल्ट क्लोरिनेटरच्या तलावात मीठच ३ ते ४ हजार पीपीएम असते, त्याचे पाणी कोणत्याही झाडाला नको. ते गडर लाइनमध्येच, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीतच, गेले पाहिजे. पावसाळी नाल्यात, ओढ्यात किंवा गावतळ्यात क्लोरीनचे पाणी सोडू नका, मासे मरतात.

पाणी उतरलेले असताना करायची कामे

टाइल्सवरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातला चुना. पांढरा व्हिनेगर आणि नायलॉनचा ब्रश यांनी बराच निघतो. जुना, दगडासारखा थर असेल तर प्यूमिस दगड ओला करून घासा. मिस्तरी थेट ॲसिड ओततात. त्याने थर जातो आणि त्याबरोबर सिमेंटचा जॉइंटही जातो. ॲसिड वापरायचेच तर एक भाग ॲसिड दहा भाग पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे, चष्मा लावा, आणि क्लोरीनची बादली त्या जागेपासून लांब ठेवा. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

रिकामे झालेले जॉइंट इपॉक्सी ग्राउटने भरा, पण दुपारी. सकाळी १०-१२ अंशांत इपॉक्सी घट्ट होतो, नीट पसरत नाही आणि जमायला वेळ घेतो. त्यावर पाणी चढवायला किमान सात दिवस द्या.

गळतीची शंका असेल तर हीच वेळ. पातळी उतरवल्यावर तीन दिवस खूण पाहा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी टेपने नोंदवा. बादलीतले पाणी १० मिलिमीटर उतरले आणि तलावातलेही तेवढेच, तर ते बाष्पीभवन. तलावाचे जास्त उतरत असेल तर गळती आहे. पूर्ण भरलेला असताना गळणारा तलाव स्किमरच्या खाली आणल्यावर थांबला, तर चीर स्किमर आणि काँक्रीटच्या सांध्यात शोधा. दिव्याच्या केबलच्या नळीशी थांबला तर तिथे.

उरलेल्या पाण्याची हिवाळ्यातली काळजी

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. थंडी आहे म्हणून पंप आणि क्लोरीन दोन्ही बंद करतात, आणि जानेवारीत पाणी हिरवे होते. नागपुरात हिवाळ्यातही दुपारी स्वच्छ ऊन असते. शेवाळाची वाढ मंदावते, थांबत नाही. डासांना तर असे स्थिर पाणी हवेच असते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचे रुग्ण नोव्हेंबरातही सापडतात.

पंप रोज दुपारी तीन ते चार तास चालवा. १५ सेंटीमीटर उतरवून ठेवायचे असेल तर स्किमर बंद असेल आणि पाणी फक्त मेन ड्रेनमधून फिरेल, त्यामुळे वर पडलेली पाने जाळीने हाताने काढावी लागतील. हा त्रास नको असेल तर काम संपल्यावर पातळी पुन्हा स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत आणा. तेच अधिक चांगले. पाणी उतरलेलेच ठेवण्याचा नागपुरात काही फायदा नाही.

काम संपल्यावर क्लोरीन एकदा ५ पीपीएमपर्यंत न्या, नंतर १ ते २ वर टिकवा. ७५ घनमीटरला १ पीपीएम वाढवायला ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट ११५ ग्रॅम किंवा १० टक्क्यांचे द्रव हायपोक्लोराइट पाऊण लिटर लागते. बोअरच्या जड पाण्यात द्रवच घ्या, म्हणजे आणखी कॅल्शियम पडणार नाही. टीसीसीएच्या (सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या सोप्या वाटतात, पण दर १० पीपीएम क्लोरीनमागे त्या ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड मागे सोडतात. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही. ते १०० च्या वर गेले की क्लोरीन असूनही शेवाळ येते. अशा वेळी एकदम अर्धा तलाव रिकामा करण्यापेक्षा १५ सेंटीमीटर काढा, भरा, ढवळा, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा काढा. दर वेळी १० टक्के पाणी बदलते आणि सात फेऱ्यांत सायन्युरिक ॲसिड निम्म्यावर येते, तलावाच्या बांधकामाला धक्का न लावता. गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका भांड्यात, एका डोसरमध्ये कधीही मिसळू नका; स्फोट होतो.

मोरचूद टाकू नका. शेवाळ जाते, पण पीएच वाढला की निळे-हिरवे डाग टाइल्सच्या जॉइंटमध्ये कायमचे बसतात.

थंड पाणी चुना जास्त विरघळवते, म्हणून हिवाळ्यात पाणी भुकेले राहिले तर ते जॉइंटमधून चुना खाते. पीएच ७.४ ते ७.६ आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) १०० ते १२० पीपीएम ठेवा. अल्कलिनिटी १० ने वाढवायला तुमच्या तलावाला खाण्याचा सोडा सव्वा किलो लागतो. पावसाचे किंवा नळाचे मऊ पाणी जास्त असेल तर कॅल्शियमही तपासा, २०० च्या खाली नको.

आणखी एक धोका आहे आणि तो हुरड्याच्या दिवसांत वाढतो. पाणी उतरले की काठ हाताला येत नाही. पडलेले लहान मूल काठ धरून लोंबकळू शकत नाही. कुत्रा किंवा माकडाचे पिल्लू पोहत पोहत थकते. पाहुणे येणार असतील त्या दिवशी तलावाला जाळी किंवा कुंपण हवेच. एका कोपऱ्यात काठापासून पाण्यात उतरती फळी दोरीने बांधून ठेवा, प्राणी तिच्यावरून वर येतात. ताडपत्री झाकली असेल तर तिच्यावर साचलेले पाणी दर दोन-तीन दिवसांनी काढा. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारा पडतात. ताडपत्रीवर साठलेल्या पाण्यात डास होतात आणि तिच्यात अडकलेले मूल पाहणाऱ्याला दिसतही नाही.

सोसायट्यांच्या बऱ्याच तलावांना स्किमरऐवजी काठावरून पाणी सांडणारी गटारी आणि बॅलन्सिंग टँक असते. तिथे १ सेंटीमीटर उतरवले तरी सांडणे थांबते, बॅलन्सिंग टँकमध्ये नवे पाणी येत नाही आणि पंप तिला दहा मिनिटांत कोरडी करतो. अशा तलावात पातळी उतरवायची तर बॅलन्सिंग टँकची सक्शन लाइन बंद करून मेन ड्रेनवरून चालवा, लेव्हल सेन्सरची स्वयंचलित भरण बंद करा, आणि गटारी व टँक धुऊन पूर्ण कोरडी करून तिच्या झाकणाला डासांची जाळी लावा. झाकणाखाली बोटभर पाणी राहिले तरी पूर्ण इमारतीत डास होतात.

फेब्रुवारीअखेर पातळी पुन्हा वर आणताना बोअरचे पाणी थेट सोडण्याआधी एका पांढऱ्या बादलीत घ्या, त्यात चिमूटभर कॅल्शियम हायपोक्लोराइट टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी तांबूस झाले तर लोह आहे. तेवढ्या भरण्यापुरता टँकर मागवा किंवा नळाचे पाणी घ्या. तसेच भरले तर पहिल्याच क्लोरीनला नव्याने घासलेल्या टाइल्सवर तपकिरी थर बसेल.